जिन्यातला सेन्सर तुम्हाला बघत नाही

सोसायटीच्या जिन्यात आपोआप लागणारे दिवे बसवायचे ठरले की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्या पांढऱ्या घुमटात कॅमेरा असतो, शिवाय त्यातून किरण निघतात.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

घुमटातल्या या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) म्हणतात. त्यातला ‘पी’ म्हणजे पॅसिव्ह: तो काहीही सोडत नाही, फक्त घेतो. आपल्या शरीरातून साधारण 9-10 मायक्रोमीटर लांबीच्या उष्णतेच्या लहरी सतत बाहेर पडत असतात. घुमट हे प्लास्टिकचं भिंग; ते या लहरी आतल्या छोट्या स्फटिकाच्या दोन भागांवर टाकतं. माणूस हलला की दोन भागांवरच्या उष्णतेत फरक पडतो आणि दिवा लागतो. चित्र कुठेच तयार होत नाही. म्हणूनच ऑफिसात स्तब्ध बसलात तर दिवा विझतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, हवा अंगाइतकीच तापली की, सेन्सर मंदावतो.

बल्बमध्येच दडवलेले काही सेन्सर मायक्रोवेव्हचे असतात. ते लहरी सोडतात, पण अगदी क्षीण. त्यांनाही चेहरा दिसत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. स्मार्ट इमारतीत असे शेकडो सेन्सर ‘हालचाल आहे’, ‘नाही’ एवढंच कळवतात. पण वेळेसकट साठवलेल्या या नोंदींवरून कुठलं घर कधी रिकामं असतं ते कळू शकतं. त्या नोंदी कुणाकडे जातात आणि किती दिवस ठेवतात, हे सोसायटीच्या सभेत जरूर विचारा.