64 मायक्रोमीटरवरची भुताटकी

परवा मी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये भुताटकी झाली. पडद्यावर भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसनचा व्यतिकरणमापी मांडला होता, म्हणजे प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून पट्टे कसे उमटतात (हेच व्यतिकरण) ते दाखवणारं उपकरण. अर्धपारदर्शक आरशावर पांढऱ्या प्रकाशाचा झोत दुभंगतो, दोन भाग दोन वाटांनी जातात आणि परत येऊन एकमेकांत मिसळतात. दोन्ही वाटा अगदी सारख्या लांबीच्या असल्या की माझ्या मांडणीत झळझळीत पांढरा पट्टा दिसतो, त्याच्या दोन्ही अंगांना रंगीत पट्टे, आणि पथफरक, म्हणजे दोन वाटांच्या लांबीतला फरक, काही मायक्रोमीटरच्या पुढे गेला की सगळं पुसट होऊन नुसता पांढरा उजेड उरायला हवा. मी एक आरसा मागे सरकवत गेलो. पट्टे मिटले तर नाहीतच, उलट रंग बदलत राहिले. पथफरक 64.35 मायक्रोमीटर झाला आणि सुरुवातीचा तोच पांढरा पट्टा पुन्हा हजर! जणू आरसा जागचा हललाच नव्हता.

भूत कुठून आलं ते कळायला आधी किरणाकडे बघू. किरणांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किरण म्हणजे एक बिंदू, एक दिशा आणि थोडी तीव्रता. तरंग तिथे कुठेच नाही. दोन किरण एका जागी पडले की तीव्रतांची बेरीज होते, एक अधिक एक दोन. व्यतिकरणात मात्र हीच बेरीज जागेनुसार शून्यापासून चारपर्यंत काहीही येते. म्हणून किरणाला अंतरमापक जोडायचा. किरण ज्या माध्यमातून जाईल तिथलं अंतर गुणिले अपवर्तनांक (ते माध्यम प्रकाशाला किती पट मंदावतं तो आकडा), अशी नोंद तो करत जातो. शेवटी या एकूण अंतराला तरंगलांबीने भागायचं, पूर्णांक सोडून द्यायचा आणि उरलेला अपूर्णांक ठेवायचा. तीच कला, म्हणजे लाट आपल्या फेरीत कुठवर आली आहे ते. ती एका फिरत्या बाणाने दाखवायची. अपूर्णांक पाव असेल तर बाण पाव वर्तुळ फिरलेला, अर्धा असेल तर उलटा. पडद्यावरच्या ठिपक्यावर आलेले बाण टोकाला टोक जोडून मिळवायचे आणि जो एक बाण तयार होईल त्याच्या लांबीचा वर्ग करायचा.

इथे अचूकता फार लागते. पाऊण मीटर अंतर 32 बिटांच्या दशांश संख्येत साठवलं तर दोन लगतच्या संख्यांमध्येच सुमारे 60 नॅनोमीटरची दरी असते. हिरव्या प्रकाशाची अख्खी लाट 550 नॅनोमीटरची! म्हणून 64 बिट वापरायचे, नाहीतर पट्ट्यांना दात फुटतात.

आता पांढरा प्रकाश. नवशिक्या हमखास चुकतो तो इथे, सगळ्या रंगांचे बाण एकाच ढिगात टाकून. 500 आणि 600 नॅनोमीटरच्या लाटांची सांगड सेकंदाला सुमारे 10¹⁴ वेळा जुळते आणि मोडते. एवढ्या वेगात डोळ्याला दिसते ती फक्त सरासरी, आणि सरासरीत त्यांचं व्यतिकरण उरत नाही. म्हणून प्रत्येक रंगाचे बाण वेगळे मिळवायचे, वर्ग वेगळा करायचा, आणि मगच तीव्रता एकत्र करायच्या. काचेचा अपवर्तनांकही रंगागणिक बदलतो, त्यामुळे अंतरमापकही प्रत्येक रंगाचा वेगळा.

हे सगळं मी बरोबर केलं होतं. आळस केला तो एवढाच, की पांढरा प्रकाश म्हणून तीनच तरंगलांब्या घेतल्या: 650, 550 आणि 450. शाळेतला लसावि आठवा. या तिघांचा लसावि 64,350. म्हणजे 64.35 मायक्रोमीटरमध्ये लाल लाटा बरोबर 99 बसतात, हिरव्या 117 आणि निळ्या 143. तिन्ही अपूर्णांक शून्य! शून्य पथफरक आणि हा पथफरक यांत प्रोग्रॅमला काहीच वेगळं दिसेना.

मग 400 ते 700 दर 10 नॅनोमीटरला एक, अशा 31 तरंगलांब्या घेतल्या. पट्टे लवकर मिटले, पण पुढे फिकट भुतं उभी राहिलीच. ती कुठे येतील याचा ठोकताळा असा: तरंगलांबीचा वर्ग भागिले दोन शेजारी तरंगलांब्यांतली पायरी. 550 ला हे उत्तर सुमारे 30 मायक्रोमीटर येतं, 400 ला 16 आणि 700 ला 49, म्हणून हे भूत लांबवर फासल्यासारखं रंगीत दिसतं. पायऱ्या तरंगलांबीऐवजी वारंवारतेत समान घेतल्या तर सगळे रंग एकदम परततात, भूत ठसठशीत होतं. पायरी बारीक केली की भूत फक्त लांब पळतं. त्याला खरोखर घालवायचं तर पायऱ्याच मोडायच्या, तरंगलांब्या यादृच्छिक, म्हणजे कुठल्याही नेमाशिवाय, निवडायच्या.

   

किरणांच्या या हिशेबाला कडा मात्र कळत नाहीत. अरुंद फटीतून प्रकाश पसरतो ते विवर्तन त्याला आपोआप सुचत नाही. फटीवर नवे उगम हाताने पेरावे लागतात.

गंमत म्हणजे निसर्गातही असं भूत आहे आणि ते अस्सल आहे. सोडिअमच्या पिवळ्या प्रकाशात दोन तरंगलांब्या असतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. 1862 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोने न्यूटनची वलयं (भिंग आणि सपाट काच यांच्यामधल्या फटीमुळे दिसणारे व्यतिकरणाचे गोल पट्टे) बघताना भिंग काचेपासून हळूहळू दूर नेलं. सुमारे 490 वलयं सरकल्यावर ती दिसेनाशी झाली आणि सुमारे 980 वर पुन्हा लख्ख दिसू लागली. त्यावरून त्याने ओळखलं की हा पिवळा एक नाही, दोन आहेत. वरचाच ठोकताळा इथे लावा: 589.3 चा वर्ग भागिले 0.6, उत्तर 0.58 मिलिमीटर.

यादृच्छिक तरंगलांब्या घेतल्यापासून माझ्या पडद्यावर 64.35 ला फक्त किंचित दाणेदार पांढरट उजेड दिसतो. मग मी सोडिअमचे दोन आकडे भरले आणि आरसा मागे नेत राहिलो. पथफरक 0.29 मिलिमीटरपाशी आला, पट्टे गेले. 0.58 पाशी परत आले. या वेळी कोडला हात लावला नाही.