फडकं पिळा, अजून पिळा

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी बेडरूममधलं नवं फ्लोरिंग पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दारातच थबकल्या.

"लाकूड आहे का हो ताई?"

"नाही, लाकडासारखं दिसतं नुसतं."

"मग पुसायला हरकत नाही," म्हणत त्यांनी फिनाईलची बादली आत घेतली. सहा महिन्यांनी बाल्कनीच्या दाराशी दोन पट्ट्यांच्या कडा उचलल्या गेल्या, अनवाणी पायाला खुपतील इतक्या. दोष मावशींना देण्यात अर्थ नव्हता. शहाबादी, मोझॅइक, व्हिट्रिफाइड अशा फरश्या त्यांनी आयुष्यभर भरपूर पाण्याने पुसल्या होत्या आणि त्यातल्या एकाही फरशीने कधी तक्रार केली नव्हती. हरकत होती, पण ती आम्हालाही ठाऊक नव्हती.

दुकानदार या प्रकाराला सरसकट 'वुडन फ्लोरिंग' म्हणतात. खरं नाव लॅमिनेट. 1977 मध्ये स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प या कंपनीने ते शोधलं आणि 1984 पासून 'पर्गो' या नावाने युरोपात विकायला काढलं. ओट्याखालच्या कपाटाला सनमायका लावतो ना, त्याच कुळातली ही पायाखालची भावंडं. वरून खाली गेलं की आधी राळेत भिजवलेला पारदर्शक कागद, त्याखाली लाकडाचा फोटो छापलेला कागद, मग सहा-आठ मिलिमीटरचा तपकिरी गाभा आणि तळाला पट्टी वाकू नये म्हणून आणखी एक थर. फोटो म्हटलं ते शब्दशः खरं आहे. एका पट्टीवरची एखादी ठळक गाठ हेरून ठेवा. खोलीत कुठेतरी तिची हुबेहूब जुळी सापडतेच. आमच्याकडे पलंगाच्या पायाशी एक आहे आणि खिडकीखाली दुसरी.

वरचा थर भलताच कणखर असतो. त्यातली राळ मेलामाईनची, म्हणजे न फुटणाऱ्या जेवणाच्या प्लेट्स ज्याच्या असतात त्याच जातीची. शिवाय तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण पेरलेले असतात. हाच आपला कुरुंद. धार लावायच्या दगडात वापरतात तो. त्याच्याच पारदर्शक, रंगीत स्फटिकांना आपण माणिक आणि नीलम म्हणतो. काठिण्याच्या दहा अंकी मोजपट्टीवर कुरुंद 9 वर, वाळूतला क्वार्ट्झ 7 वर. मग वाळूने चरे पडायचं कारणच नाही, असं वाटेल. पण कणांच्या मधली राळ वाळूपेक्षा मऊ असते. चपलेखाली आलेली कच, बांधकामाची धूळ, दारातली विस्कटलेली रांगोळी या सगळ्यांचा मारा त्या मऊ जागेवर होतो आणि चकाकी हळूहळू मरते. म्हणून रोजचं काम एवढंच, मऊ कुंच्याने केर काढायचा आणि दाराबाहेर चांगलं जाड पायपुसणं ठेवायचं. व्हॅक्युम वापरत असाल तर त्याचा फिरता ब्रश बंद ठेवा.

खोक्यावर 'एसी3', 'एसी4' असे आकडे असतात. "एसी4 घेतलंय, आता काय भीती," असं मीही सांगत फिरले होते. पण हा एसी म्हणजे वरचा थर किती झीज सोसतो त्याचा दर्जा. तो आकडा झिजेचा आहे, पाण्याचा नाही.

पाण्याचा प्रश्न गाभ्यात आहे. लाकडाचे तुकडे वाफेवर मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यात राळ मिसळतात आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबतात. पाइनचं लाकूड घनमीटरला साधारण 500 किलो भरतं, हा गाभा 800 ते 900 भरतो. म्हणजे चेपलेले, जबरदस्तीने आडवे केलेले तंतू राळेच्या बळावर गप्प बसलेले असतात. पाणी शिरलं की तंतू ते पितात आणि फुगतात, हे एक. दुसरं जास्त वाईट. मधली चिकट पकड सुटते आणि चेपलेले तंतू स्प्रिंगसारखे उसळतात. पाणी वाळल्यावर पहिली सूज थोडी ओसरते, दुसरी नाही. पावसात भिजलेली वही पंख्याखाली वाळवली, इस्त्री फिरवली, तरी पूर्वीइतकी पातळ कधी होते का? उरलेला एक तुकडा मी रात्रभर पाण्यात उभा ठेवला होता. सकाळी तो शेजारच्या कोरड्या तुकड्याहून जाड आहे हे पट्टी न लावताही दिसत होतं. आठवडाभर उन्हात ठेवूनही तो जागेवर आला नाही.

पण वरचा थर तर पाणी आत सोडत नाही. मग ते शिरतं कुठून? सांध्यातून. पट्ट्या एकमेकींत खटकन अडकतात (ही बिनगोंदाची युक्ती 1996 मध्ये स्वीडनच्याच व्हॅलिंगे कंपनीने बाजारात आणली) आणि सांधा डोळ्यांना दिसत नसला तरी असतो. अनेक उत्पादक या कडांना मेण लावून ठेवतात. इथे एक छोटा प्रयोग करून पाहा, उरलेल्या पट्ट्यांचे दोन तुकडे जोडून. सांध्यावर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा. तो टपोरा फुगून बसून राहील. आता टूथपिकचं टोक भांड्यांच्या साबणात बुडवून थेंबाला टेकवा. थेंब एकदम सपाट होतो, पसरतो आणि थोड्या वेळाने पाहिलं तर सांध्याच्या रेषेवरून काहीसा गायबही झालेला असतो.

झालं काय, तर पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पृष्ठभागावर जो ताण येतो त्यालाच पृष्ठताण म्हणतात. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला 72 मिलिन्यूटनच्या आसपास असतो. साबण मिसळला की तो 30 पर्यंत उतरतो. मेणावर साधं पाणी चिकटायला तयार नसतं, त्यामुळे बारीक फट त्याला बाहेरच ढकलते. साबणाचं पाणी मात्र मेणालाही ओलं करतं आणि मग तीच फट, दिव्याची वात तेल ओढते तशी, पाणी आत ओढते. म्हणजे आपण 'स्वच्छ व्हावं' म्हणून बादलीत जे ओततो तेच पाण्याला आतला रस्ता दाखवतं. फिनाईलचंही तेच. ते पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होतं, कारण त्यातलं तेल पाण्यात विरघळत नाही, साबणासारखे पदार्थ त्याचे कण पाण्यात तरंगते ठेवतात. आमच्या बाल्कनीच्या दाराशी रोज बादली टेकायची, फडकं तिथेच बुडायचं आणि तिथूनच पुसायला सुरुवात व्हायची. कडा नेमक्या तिथेच का उचलल्या हे कळायला मला तो टूथपिक लागला.

तर मग पुसायचं कसं? आधी कोरडा केर. मग मायक्रोफायबरचं फडकं. त्याचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, पाणी त्यांच्यामधल्या फटींतच धरलेलं राहतं आणि धूळ मात्र उचलली जाते. फडकं इतकं पिळायचं की हातात धरून झटकलं तरी थेंब पडू नये. पुसल्यावर मागे राहिलेली ओल मिनिटाभरात उडून गेली पाहिजे. नाही उडाली तर फडकं ओलंच होतं. बहुतेक दिवशी नुसतं पाणी पुरतं. तेलकट डाग असेल तर साबणाचा एक थेंब फडक्यावर घ्या, फरशीवर नाही, आणि नंतर साध्या ओलसर फडक्याने तो काढून टाका. समईचं तेल सांडलं तर घाबरायचं कारण नाही, तेल या थरात मुरत नाही. हळदीचा डाग लगेच पुसावा. राहिलाच तर उन्हाची तिरीप येत असेल तिथे तो आपोआप फिका होत जातो, कारण हळदीतला रंग उजेडात टिकत नाही.

पुसूनही पांढरट ओघळ दिसत असतील तर बहुधा बोअरचं पाणी वापरलं जातंय. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मेणाचं पॉलिश लावून ते झाकायला जाऊ नका. पॉलिश मुरायला या पृष्ठभागाला छिद्रंच नाहीत, ते वरच बसतं आणि त्यावर पावलांचे ठसे उठतात. घासून नवं करणं हा खऱ्या लाकडाचा मान. इथे घासाल तर फोटो निघून येईल. पांढरा 'जादूचा स्पंज'ही जपूनच वापरावा. गंमत म्हणजे तोही मेलामाईनचाच असतो, राळेचा बारीक जाळीदार फेस, आणि डाग काढतो तो किंचित खरवडून.

वाफेच्या मॉपबद्दल मला जरा रागच आहे. जाहिरातीत तो किती छान सरकतो! वाफ वायू असल्यामुळे सांध्यात सहज शिरते, आत गार झाली की पाणी होते आणि वर तिच्या उष्णतेने कडांचं मेण मऊ पडतं.

पावसाळ्यात हवेतली दमट ओलही गाभा थोडी पितो आणि सगळी खोलीच किंचित पसरते. त्यासाठीच भिंतीशी आठ-दहा मिलिमीटरची जागा सोडून वर स्कर्टिंग ठोकतात. ती जागा मिस्त्रीने सिमेंटने बुजवली तर पट्ट्यांना पसरायला वाव राहत नाही आणि त्या मधोमध तंबूसारख्या वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही आठवड्यातून एकदाच पुसतो, तेही पंखा लावून. खरा शत्रू असतो एसीच्या नळीतून टपकणारं पाणी, कारण ते तासन्‌तास कुणाच्या लक्षात येत नाही.

फुगलेली पट्टी बरी होत नाही, बदलावी लागते. स्कर्टिंग काढून भिंतीपासून एकेक ओळ सोडवत तिथवर यावं लागतं. आमच्याकडे फुगलेल्या पट्ट्या भिंतीच्या जवळच होत्या म्हणून तीनच ओळी सोडवाव्या लागल्या. नशिबाने बसवताना उरलेल्या चार पट्ट्या माळ्यावर होत्या. दोन वापरल्या, दोन शिल्लक आहेत. मावशी आता फडकं बाथरूममध्येच पिळतात, मग मला दाखवतात आणि विचारतात, "बघा बरं, अजून पिळू का?"