छोटे शहर वाढते कशाने? अमेरिकेच्या मिडवेस्टमधील काही उदाहरणे

अमेरिकेचा जनगणना विभाग ओहायोपासून नेब्रास्का आणि दोन्ही डाकोटांपर्यंतच्या 12 राज्यांना मिडवेस्ट म्हणतो. 2010 ते 2020 या दशकात देशाची लोकसंख्या 7.4 टक्क्यांनी वाढली, पण या पट्ट्याची वाढ 3.1 टक्क्यांवरच थांबली आणि इलिनॉय राज्याची लोकसंख्या तर किंचित घटली. पोलादाच्या कारखान्यांवर उभे राहिलेले इंडियानातील गॅरी हे शहर 1960 साली सुमारे 1 लाख 78 हजार वस्तीचे होते. 2020 मध्ये तेथे 69 हजार लोक उरले. त्याच राज्याच्या दक्षिण भागातील, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले कोलंबस मात्र त्या दशकात 44,061 वरून 50,474 वर गेले. ही वाढ साडेचौदा टक्क्यांची, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक आहे. (ओहायोची राजधानी असलेले कोलंबस वेगळे, नावांच्या या गोंधळात इंडियानाचे कोलंबस नेहमीच झाकोळले जाते.)

लोकसंख्याशास्त्राच्या हिशेबात कोणत्याही गावाची लोकसंख्या चार वाटांनी बदलते: जन्म, मृत्यू, आत येणारे आणि बाहेर जाणारे. यातील पहिल्या दोन वाटांवर मिडवेस्टमधील लहान शहरांना फारसे विसंबता येत नाही. तरुण पिढी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडली की मागे वयस्कर लोक उरतात, आणि जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होऊ लागतात. करोनाच्या साथीमुळे मृत्यू वाढलेल्या 2021 या वर्षात देशातील सुमारे 73 टक्के काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांमध्ये) ही स्थिती होती. पण साथीच्या आधीपासूनच ती अनेक ग्रामीण काउंट्यांच्या अंगवळणी पडली होती. त्यामुळे शहराचा आकडा वाढला असेल, तर बहुतेक वेळा बाहेरून कोणीतरी आलेले असते.

बहुतेक वेळा असे म्हणण्याचे कारण म्हणजे हिशेबाची पाचवी, कागदावरची वाट. पर्ड्यू विद्यापीठाचे गाव असलेले वेस्ट लाफायेट 2010 मध्ये 29,596 लोकसंख्येचे होते आणि 2020 मध्ये ते सुमारे 45 हजारांचे झाले. हा चमत्कार नव्हे. मधल्या काळात विद्यापीठाचा परिसर शहराच्या हद्दीत घेतला गेला आणि वसतिगृहांतील विद्यार्थी शहराच्या खात्यावर जमा झाले. गावे पोटात घेत वाढलेल्या पुण्याच्या वाचकाला हद्दवाढीचे हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. ‘सर्वांत वेगाने वाढणारी शहरे’ अशा याद्या वाचताना आधी नकाशा तपासावा.

कोलंबसमध्ये माणसे येतात ती प्रामुख्याने कमिन्स कंपनीमुळे. डिझेल इंजिने बनवणारी ही कंपनी 1919 साली येथेच स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आजही येथेच आहे. इंजिने जगभर विकली जातात, त्यांचा पैसा गावात येतो आणि गावात खर्च होतो, म्हणून दुकानदार, शिक्षक, दंतवैद्य आणि सुतार यांनाही काम मिळते. प्रादेशिक अर्थशास्त्रात बाहेरचा पैसा आणणाऱ्या अशा उद्योगाला शहराचा पाया मानतात. बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेट्टी यांच्या अंदाजानुसार प्रगत तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील एका नोकरीमागे त्याच शहरात कालांतराने सुमारे पाच इतर नोकऱ्या तयार होतात, तर सर्वसाधारण कारखान्यातील नोकरीमागे याहून बऱ्याच कमी. माझ्या मते हे गुणोत्तर लहान शहराला जसेच्या तसे लावू नये, कारण तेथील पगाराचा काही भाग जवळच्या मोठ्या शहरातील बाजारात जातो, आणि कोलंबसला इंडियानापोलिस तासाभराच्या अंतरावर आहे.

पगार मिळाला तरी अभियंता मक्याच्या शेतांमधल्या गावात कुटुंबासह राहायला तयार होईल का, हा प्रश्न उरतोच. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी तो फार लवकर ओळखला होता. 1950 च्या दशकापासून कंपनीच्या प्रतिष्ठानने शाळा आणि इतर सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुविशारदांचे मानधन स्वतः भरले, आणि आधुनिक वास्तुकलेसाठी हे छोटे शहर जगभर ओळखले जाऊ लागले. चांगली माणसे येथे यावीत आणि टिकावीत, हाही त्यामागचा एक हेतू होता.

महाराष्ट्राचा धागा येथे सरळ जुळतो. किर्लोस्कर-कमिन्स ही भागीदारीतील कंपनी पुण्यात 1962 साली सुरू झाली. कर्वेनगरातील मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही कमिन्सच्याच नावाचे आहे. पुण्यातून कोलंबसला कामासाठी जाणे ही त्यामुळे रुळलेली वाट आहे, आणि त्या शहरातील परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये भारतीय ठळकपणे दिसतात. जनगणना नागरिकत्व पाहत नाही, नेहमीचे राहण्याचे ठिकाण पाहते, म्हणून तात्पुरत्या व्हिसावर आलेला अभियंताही त्या 50,474 मध्ये मोजला जातो. साहजिकच वॉशिंग्टनमधील व्हिसाच्या नियमांचा परिणाम इंडियानातील एका गावाच्या शाळांच्या पटसंख्येवर होतो.

सर्वच ठिकाणी येणारे लोक पदवीधर नसतात. आयोवातील स्टॉर्म लेक येथे डुकराचे मांस तयार करणारा जुना कारखाना 1981 साली बंद पडला आणि पुढच्या वर्षी नव्या मालकाने तो सुरू केला. कमी मजुरीचे हे कष्टाचे काम करायला लाओस, मेक्सिको, सुदान अशा देशांतून माणसे आली. ती तरुण होती, त्यांना येथे मुले झाली, आणि आजूबाजूच्या काउंट्या ओस पडत असताना या गावाची लोकसंख्या 2020 पर्यंत 11,269 झाली. स्थलांतराचा हा दुसरा, उशिरा दिसणारा परिणाम अनेकदा नजरेतून सुटतो: येणाऱ्यांचे वय कमी असेल, तर काही वर्षांनी जन्मांचा आकडाही वर जातो.

वाढ किती टिकेल हे मात्र पायावरच ठरते. मिनेसोटातील रॉचेस्टर मेयो क्लिनिकमुळे दशकभरात 1,06,769 वरून 1,21,395 वर पोहोचले; रुग्णालयाला रुग्ण मिळत राहतात आणि इतक्या वर्षांत जमलेले डॉक्टर, प्रयोगशाळा व परिचारिका दुसरीकडे हलवणे सोपे नसते. उत्तर डाकोटातील विलिस्टन शेल तेलामुळे, म्हणजे खडकाच्या थरांत अडकलेल्या तेलामुळे, 14,716 वरून 29,160 झाले. तेजीच्या काळात तेथील घरभाडी देशातील सर्वांत महागड्या भाड्यांत गणली जात होती, आणि 2014 नंतर तेलाचे भाव कोसळताच कामगार सामान बांधून निघूनही गेले. कोलंबस या दोहोंच्या मध्ये बसते. तेथे अभियंत्यांचा अनुभव दीर्घकाळ साठलेला आहे, पण तो बहुतांशी डिझेल इंजिनाचा आहे. विजेवर आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांसाठी कमिन्सने 2023 मध्ये वेगळा ब्रँड आणला. ते नवे काम यापुढे कोलंबसमध्ये किती राहते आणि इतरत्र किती जाते, यावर त्या शहराचे पुढचे आकडे बऱ्याच अंशी अवलंबून आहेत.