घोड्याचा वुल्फ टूथ: काढावा की राहू द्यावा?

दीड-दोन वर्षांच्या शिंगराला लगामाची सवय लावायची वेळ आली, की पुण्या-मुंबईच्या रेसच्या घोड्यांत वावरलेला कोणीतरी सांगतो, ‘आधी वुल्फ टीथ काढून घ्या.’ वुल्फ टूथ म्हणजे दाढांच्या रांगेच्या अगदी पुढे येणारा लहानसा दात. गोव्यात हा सल्ला सहसा निमूट मानला जातो. इथे रेसकोर्स नाही, घोडे मोजकेच. काही किनाऱ्यावर सवारी देतात, काही वरातीत असतात, काही हौशी मंडळींच्या तबेल्यात. पशुवैद्याच्या हाताखालून गुरं आणि कुत्री रोज जातात, घोडा क्वचित. म्हणून दुसऱ्या गावची रीत जशीच्या तशी उचलली जाते. मला वाटतं, हा दात केवळ रीत म्हणून काढू नये. आधी तोंड नीट तपासावं आणि मगच ठरवावं.

हा दात म्हणजे पहिली उपदाढ. सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वी घोड्याचे पूर्वज कुत्र्याएवढे होते, रानातला मऊ पाला खात होते, आणि त्यांच्या ४४ दातांत ही उपदाढ कामाची होती. पुढे गवताळ माळ पसरले. गवतातल्या सिलिकाने आणि त्याच्याबरोबर तोंडात जाणाऱ्या मातीने दात झिजतात, त्यामुळे उंच दाढांचे घोडे तगले. आजच्या घोड्याच्या दाढा जबड्यात खोल रुजलेल्या असतात आणि वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर बाहेर सरकत झीज भरून काढतात. पहिली उपदाढ या बदलात मागे पडली. ती लहान राहिली, झीज भरून काढत नाही, चघळण्यातही तिचा वाटा नाही. कितीतरी घोड्यांना ती येतच नाही. आलीच तर बहुधा वरच्या जबड्यात, पहिल्या मोठ्या दाढेला खेटून, वयाच्या ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान.

गोव्याला घोड्याचं तोंड परकं नव्हतं. सोळाव्या शतकात इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराकडून आलेले घोडे इथल्या बंदरात उतरून विजयनगरला जात, आणि १५४७ च्या करारात पोर्तुगीजांनी हे घोडे फक्त विजयनगरलाच विकू देण्याचं मान्य केलं. घोडा घेताना पुढचे दात पाहून वय ओळखण्याची रीत फार जुनी आहे. पण वुल्फ टूथ ओठ उचलून दिसत नाही, तो बराच मागे असतो. ओठ उचलल्यावर हिरडीच्या मोकळ्या भागात टोकदार दात दिसला, तर तो बहुधा सुळा असतो. सुळे मुख्यतः नरांना, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. त्यांचं मूळ लांब आणि वाकडं असतं. वुल्फ टूथ समजून सुळ्याला हात घालणं ही गंभीर चूक आहे.

लगामाची लोखंडी दांडी, म्हणजे बिट, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बसते. नीट बसवलेली असेल तर वरच्या वुल्फ टूथला ती सहसा लागत नाही. लगाम ओढला की ओठाचा कोपरा आणि गालाची आतली त्वचा मागे दाबली जाते. तिथे टोकदार किंवा जागा सोडून पुढे उगवलेला दात असेल तर घोड्याला दुखतं. खालच्या जबड्यात तो क्वचितच येतो, पण आला तर दांडीच्या थेट वाटेत असतो, म्हणून काढावाच. हिरडीखाली दडून राहिलेला, बोटाला गाठीसारखा लागणारा दातही काढणं योग्य, कारण त्यावरची हिरडी दांडीखाली चिरडली जाते. पण लहान, सरळ, दाढेला चिकटून असलेला दात कित्येक घोडे आयुष्यभर विनातक्रार बाळगतात.

मग ‘दात काढला आणि घोडा सुधारला’ हा अनुभव इतक्या जणांना का येतो? त्यासाठी वय पाहावं लागतं. साधारण अडीच वर्षांच्या सुमारास वुल्फ टूथच्या शेजारची दुधाची दाढ सैल होऊन पडते, आणि शिकवणीही याच काळात चालू असते. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला जखमा करतात, तेही तेव्हाच. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे त्या कडा घासल्या जात नाहीत. गवत-कडबा कमी आणि दाणा-भुसा जास्त मिळणाऱ्या घोड्याचं चघळणं कमी होतं, म्हणून त्याच्यात हे अधिक आढळतं. वैद्य वुल्फ टूथ काढतो तेव्हा त्याच बैठकीत या कडाही कानशीने घासतो. त्यानंतर घोड्याला दोन आठवडे लगाम लागत नाही, सैल दाढ पडून जाते, जखमा भरतात. घोडा शांत होतो आणि श्रेय जातं त्या एका लहान दाताला. मान झटकणं, तोंड उघडं ठेवणं, एकाच बाजूला वळायला नकार देणं, यामागे चुकीच्या मापाची दांडी, दुखरी पाठ किंवा स्वाराचा जड हातही असू शकतो. वरातीच्या घोड्यांना अजूनही कुठे कुठे काटेरी लगाम घातला जातो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत असल्या लगामाला मनाई आहे. तो तोंडात ठेवून दाताला दोष देणं मला असह्य वाटतं.

काढायचं ठरलं, तर ते पशुवैद्याचंच काम आहे, चिमटा घेऊन आलेल्या कोणाचंही नव्हे. घोड्याला उभ्या उभ्या शिरेतून गुंगीचं औषध देतात, हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन देतात, मग दाताभोवतीची पकड सावकाश सैल करतात. घाई केली तर मूळ मोडतं. टाळूच्या बाजूने एक मोठी धमनी जाते, तिला इजा झाली तर रक्तस्राव मोठा असतो. धनुर्वाताचं लसीकरण आधी तपासावं. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू शेणामातीत असतात, म्हणजे तबेल्यातच. नंतर साधारण १० ते १४ दिवस तोंडात लोखंड नको. पहिल्यांदा लगाम घालण्याआधी जखम भरल्याची खात्री वैद्याकडून करून घ्यावी.

ज्या घोडीला फक्त पैदाशीसाठी ठेवलं आहे, किंवा जो घोडा दांडीशिवायच्या लगामावर चालतो, तिथे बिनतक्रार वुल्फ टूथ काढायला मला काहीच कारण दिसत नाही. बाकीच्यांसाठी वैद्याला तीन गोष्टी विचाराव्यात: दात नेमका कुठे आहे, त्याच्या आसपासच्या हिरडीला दाबल्यावर घोडा हलतो का, आणि दाढांच्या कडा घासून महिनाभर वाट पाहिली तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर मी वाट पाहीन.