इंग्लंडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ: १८६८चा की १८७८चा?

डिसेंबर २०२०मध्ये भारताने मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी जिंकली. पहिल्या डावातल्या ११२ धावांमुळे कर्णधार अजिंक्य रहाणे सामनावीर ठरला आणि बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला मिळणारं जॉनी मुलाघ पदक मिळवणारा तो पहिलाच खेळाडू झाला. हा मुलाघ कोण, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. ‘इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन संघाचा आधारस्तंभ’ हे त्याचं खरं उत्तर. पण हा ‘पहिला’पणाचा मान बराच काळ दुसऱ्याच संघाला दिला गेला, आणि म्हणून १८६८ आणि १८७८ या दोन दौऱ्यांची सरमिसळ होत राहते.

१८७८चा संघ क्रिकेटच्या पुस्तकांत ठळक आहे. कर्णधार डेव्ह ग्रेगरी, हुकमी गोलंदाज फ्रेड स्पॉफर्थ. २७ मे १८७८ रोजी लॉर्ड्सवर त्यांनी एमसीसीला (लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) ३३ आणि १९ धावांत गुंडाळलं आणि एका दिवसात सामना जिंकला. समोरच्या संघात त्या काळचा इंग्लंडचा सर्वात नावाजलेला फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस होता, त्यामुळे इंग्लंडभर खळबळ उडाली. हे सगळे गोरे खेळाडू होते, ब्रिटिश वसाहतींमधले.

दहा वर्षं आधी लॉर्ड्सवर उतरलेले खेळाडू अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळनिवासी होते. बहुतेक जण व्हिक्टोरिया या तिथल्या वसाहतीच्या पश्चिम भागातले. ज्या जमिनी त्यांच्या पूर्वजांच्या होत्या, तिथेच गोऱ्यांनी मेंढ्यांचे मोठमोठे तळ उभारले होते. या तळांवर राबताना ते क्रिकेट शिकले. १८६६च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) ते मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध खेळले, तेव्हा प्रशिक्षक होता टॉम विल्स. इंग्लंडच्या दौऱ्यात कर्णधारपद चार्ल्स लॉरेन्सकडे होतं. तो मूळचा इंग्रज, पूर्वी सरे या इंग्लिश काउंटीकडून खेळलेला.

मे ते ऑक्टोबर १८६८ या काळात संघाने ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित. मुलाघने १,६९८ धावा केल्या, २४५ बळी घेतले आणि अठराशेहून अधिक षटकं टाकली. तेव्हाचं षटक चार चेंडूंचं होतं हे खरं, तरी एका मोसमात एवढा भार उचलणारा अष्टपैलू आजही दुर्मीळच. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध त्याने ७५ धावा काढल्या. आणि सामना संपला की काम संपत नसे. प्रेक्षकांसाठी बूमरँग आणि भालाफेक दाखवावी लागे. डिक-ए-डिक हातात अरुंद ढाल आणि लाकडी दांडा घेऊन उभा राही आणि लोकांनी अंगावर फेकलेले क्रिकेटचे चेंडू अडवत असे. लोकांनी त्यांच्याकडे खेळाडू म्हणून जितकं पाहिलं, तितकंच तमाशा म्हणूनही पाहिलं. धावफलकावर त्यांची खरी नावंही नव्हती. मुलाघ मूळचा उनार्रिमिन. किंग कोल नावाने खेळणारा तरुण दौऱ्यातच, जूनमध्ये, लंडनच्या रुग्णालयात क्षयाने वारला.

दोन्ही संघांना वेगळं काढताना सांगितलं जातं की १८७८चा दौरा ‘अधिकृत’ होता. मला हे पटत नाही. दोन्ही दौरे खासगी पैशावर निघाले होते आणि दोन्हींत एकही कसोटी झाली नाही. कसोटी क्रिकेट १८७७मध्ये मेलबर्नला सुरू झालं खरं, पण इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी झाली १८८०मध्ये. मग पहिला संघ १८६८चाच. १८७८च्या संघाला फार तर वसाहतींचा पहिला प्रातिनिधिक संघ म्हणता येईल.

खरा फरक दिसतो तो परतल्यानंतर. ग्रेगरीच्या संघाने पुढच्या दौऱ्यांची वाट मोकळी केली. मूळनिवासी खेळाडू परतले, आणि १८६९मध्ये व्हिक्टोरियात त्यांच्या ‘संरक्षणा’चा कायदा आला. त्यांनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं, हे आता सरकारी मंडळ ठरवू लागलं. असा दुसरा दौरा मग थेट १९८८मध्ये निघाला. मुलाघला १८७९मध्ये व्हिक्टोरियाकडून लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध संधी मिळाली. दुसऱ्या डावात त्याने ३६ धावा केल्या, त्या डावातल्या सर्वाधिक. व्हिक्टोरियाकडून तो पुन्हा खेळला नाही. १८९१मध्ये तो गेला.

रहाणेला पदक मिळालं त्याच वर्षी, जानेवारीत, सिडनीच्या एन्सेम्बल थिएटरमध्ये ‘ब्लॅक कॉकाटू’ हे नाटक आलं. दिग्दर्शक वेस्ली इनॉक स्वतः मूळनिवासी, आणि नाटक मुलाघ व त्याच्या सोबत्यांचं. पदकावरची नक्षीही त्यांचीच आहे: १८६८च्या संघाच्या पट्ट्याच्या बक्कलवरून ती घेतली आहे.