चोडणच्या खारफुटीत जाताना आधी तिथी बघा

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की समोर चोडण बेट, आणि उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १.७८ चौरस किलोमीटर खारफुटी, १९८८ साली संरक्षित झालेली. पणजीला एवढं खेटून रान असूनही पुष्कळ जण हिरमुसून परततात, कारण भरती-ओहोटी न बघताच आलेले असतात.

हिशेब जुनाच आहे. पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. गोव्यात ती साधारण तासभर आधी. चतुर्थीला भरती दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठला: सकाळी चालणं, दुपारी होडी, दोन्ही साधतं. दशमीला ओहोटी ऐन उन्हात येते आणि पक्षी सावलीला गेलेले असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे मंद भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

ओहोटीला पायवाटेवर थांबून तिवर या खारफुटीच्या झाडाच्या बुंध्याभोवती बघा. चिखलातून पेन्सिलीएवढी शेकडो मुळं वर आलेली दिसतील. ही श्वसनमुळं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून सालीवरच्या बारीक छिद्रांतून ती हवा आत घेतात. फोटोसाठी वाट सोडून उतरलं की आधी हीच मोडतात. प्लॅस्टिकची पिशवी त्यांवर बसली किंवा गाळाचा जाड थर साचला, तर झाड गुदमरतं. तिवराचं पान खालून चाटलं तर खारट लागतं, कारण आत आलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. खारफुटीतलं दुसरं झाड कांदळ. तो बहुतेक मीठ मुळाशीच गाळतो. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि हातभर शेंगेसारखं लोंबतं.

ही झाडं बांधाच्या आतही शिरतात. खाजन शेताचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेताचा बांध फुटला किंवा मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची दारं कुजली की खारं पाणी आत येतं आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभी राहते. पाहुण्याला ते रान वाटतं. शेतकऱ्याचं मात्र शेत गेलेलं असतं.

होडी पूर्ण भरतीच्या तासभर आधी आत घालावी. पाणी उतरू लागल्यावरही रेंगाळलात तर तळ चिखलात टेकतो, मग पुढची भरती येईपर्यंत बसा. आणि पाण्यात हात सोडू नका. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि तो कालवा मांडवीलाच मिळतो.