कॅथलिक शाळांतील सामाजिक भान : मुंबई

भोवतालचे दारिद्र्य, भेदभाव आणि अन्याय विद्यार्थ्याला दाखवणे, त्याची कारणे शोधायला लावणे आणि त्यावर आपल्या परीने काही करण्याची सवय लावणे, या कॅथलिक शाळांतील प्रयत्नांचा या नोंदीत विचार केला आहे. मुंबईत अशा शाळांचे दोन मोठे गट आहेत. एक गट मुंबई महाधर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाखालील, बहुधा चर्चला लागून असलेल्या आणि एसएससी बोर्डाच्या शाळांचा. दुसरा जेझुइट, सलेशियन, डॉटर्स ऑफ द क्रॉस, अपोस्टॉलिक कार्मेल यांसारख्या व्रतस्थ संघांनी चालवलेल्या शाळांचा.

या शाळांतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. त्यामुळे हे काम धर्मशिक्षणाच्या तासावर टाकून भागत नाही. राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात तेव्हा उरलेला वर्ग मूल्यशिक्षणाला बसतो. पालकांच्या तोंडी तो अजूनही ‘मॉरल सायन्सचा तास’च आहे. वृद्धाश्रमाची भेट, वस्तीतील अभ्यासवर्ग किंवा कचऱ्याचे वर्गीकरण असले की मात्र सगळा वर्ग पुन्हा एकत्र येतो, आणि विषयाचा खरा जीव तिथेच आहे.

विचारांची पार्श्वभूमी

पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये काढलेल्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकापासून कामगार, वेतन आणि मालमत्ता यांविषयी चर्चची अधिकृत शिकवण आकार घेऊ लागली. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शिक्षणावर स्वतंत्र घोषणापत्र काढले. 1971 मध्ये रोमला भरलेल्या बिशपांच्या सिनॉडने (धर्मसभेने) न्यायासाठी काम करणे हा श्रद्धेचाच भाग असल्याचे मांडले. शाळांच्या दृष्टीने त्याहून निर्णायक ठरले ते 31 जुलै 1973 रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे झालेले एक भाषण. जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांच्यासमोर युरोपातील जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी बसले होते. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न अरुपे यांनी स्वतःच विचारला आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे दिले. समोरच्या सुखवस्तू मंडळींना ते झोंबले. ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ हे अरुपे यांचे शब्द पुढे जगभरच्या जेझुइट शाळांचे ब्रीद झाले. त्याआधी ही कबुली होती, हे ब्रीद मिरवताना फारसे कोणी सांगत नाही.

पद्धत मात्र दुसरीकडून आली. बेल्जियन धर्मगुरू जोझेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांसाठी ‘पाहा, पारखा, करा’ ही त्रिसूत्री रुजवली. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात तिला मान्यता दिली. शाळकरी मुलांच्या कॅथलिक चळवळीचे गट भारतातही याच क्रमाने चालतात. जेझुइटांनी 1993 मध्ये स्वतःची अध्यापनपद्धती संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन अशा पाच टप्प्यांत मांडली. दोन्हींत चिंतनाला, म्हणजे थांबून विचार करण्याला, जागा आहे. वेळापत्रकात नेमकी तीच सापडत नाही.

मुंबईतील वाटचाल

मुंबईच्या जुन्या कॅथलिक शाळांपैकी काहींची मुळे अनाथालयांत आहेत. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस ही त्यांपैकी ठळक. 1863 मध्ये जेझुइटांनी ती स्थानिक अनाथ मुलांसाठी काढली आणि पुढे ती उपनगरातील नामांकित इंग्रजी शाळा झाली. धोबीतलावचे सेंट झेवियर्स 1869 चे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे जेझुइट मुख्यतः जर्मन होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची जागा स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. इंग्रजी शिक्षणाची मागणी वाढत गेली तसा विद्यार्थिवर्ग बदलला. शाळा गरिबांसाठी काढायची, ती चांगली चालली की तिच्या दारात सुखवस्तूंची रांग लागायची, आणि मग त्या मुलांना गरिबी दाखवायला बाहेर न्यायचे, असा हा उलटा प्रवास आहे. आजच्या सामाजिक उपक्रमांपैकी बरेचसे या प्रवासाची भरपाई म्हणूनच सुरू झाले, असे म्हणायला जागा आहे.

डिसेंबर 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्ट (प्रभुभोजन) परिषदेच्या निमित्ताने पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारताला भेट देणारे ते पहिले पोप. जाताना त्यांनी आपल्या वापरातली मोटार मदर तेरेसा यांना कामासाठी देऊन टाकली, ही गोष्ट मूल्यशिक्षणाच्या तासाला पुढे किती पिढ्यांनी ऐकली असेल!

शाळांबाहेरच्या ज्या संस्थांशी मुलांचा संबंध येतो त्यांतील काही याच संघांच्या आहेत. रस्त्यावरच्या मुलांसाठी जेझुइटांनी 1962 मध्ये स्नेहसदन सुरू केले. सलेशियनांचे वडाळ्याचे ‘शेल्टर डॉन बॉस्को’ 1987 चे. अंधेरीचे सेंट कॅथरिन्स होम डॉटर्स ऑफ द क्रॉस चालवतात, तर भायखळ्याचे आशादान मदर तेरेसांच्या धर्मभगिनींचे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना सामाजिक कामाचे ठरावीक तास पूर्ण करावे लागतात. शाळेत हे बंधन नसते, सगळे मुख्याध्यापकांच्या आणि एखाद्या धडपड्या शिक्षिकेच्या इच्छेवर चालते.

देण्याचा हंगाम

सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे देणे. नाताळच्या आधी वर्गावर्गांत खोके ठेवले जातात; जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या जमतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुले खाऊचे पैसे वाचवून डब्यात टाकतात. पूर आला, भूकंप झाला की असेंब्लीत आवाहन होते आणि दोन दिवसांत पोती भरतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईतल्या कितीतरी शाळांनी अडकलेली मुले आणि वाटसरू आसऱ्याला घेतले, त्यांत कॅथलिक शाळाही होत्या.

याला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते उचित नाही. दुसरीतल्या मुलाला वेतनाचा प्रश्न कळत नाही, आपला खाऊ दुसऱ्याला देणे कळते. अडचण येते ती दहावीतला मुलगाही तिथेच थांबलेला असतो तेव्हा. देणाऱ्याला बरे वाटते, फोटो निघतो, शाळेच्या वार्षिकात छापून येतो, आणि घेणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते.

भेटीनंतरचा तास

वृद्धाश्रमाची भेट हा आठवी-नववीचा ठरलेला कार्यक्रम. मुले दोन गाणी म्हणतात, फळे वाटतात, आज्यांबरोबर खेळतात आणि बसमध्ये परत येताना दंगा करतात. भेटीतून काही शिकले जायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशीच्या तासात. अनुभवी शिक्षिका ‘तुम्हाला कसे वाटले?’ हा प्रश्न टाळतात, कारण त्याचे उत्तर ‘वाईट वाटले, मिस’ एवढेच येते. त्या विचारतात : ज्या आजींशी बोललात त्यांनी आयुष्यभर काय काम केले? कुणी सांगते, चार घरी धुणीभांडी. किती वर्षे? चाळीस. मग पेन्शन का नाही? इथे वर्ग गप्प होतो. मग फळ्यावर असंघटित कामगार हे शब्द येतात आणि महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे कोरडे वाटले असते त्याला आता एक चेहरा असतो.

हाच धागा पुढे नेणारा एक गृहपाठ काही शिक्षक देतात. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारा : आठवड्याची सुट्टी असते का, आजारी पडल्यास पगार कापला जातो का, चहाचा कप वेगळा आहे का. शेवटच्या प्रश्नावर घराघरांत वादळ होते. पालकसभेत तक्रार येते की शाळेने शाळेपुरते पाहावे, आमच्या स्वयंपाकघरात शिरू नये. नाताळच्या खोक्याबद्दल अशी तक्रार कधीच येत नाही, यावरून कोणता उपक्रम वर्मी लागतो ते ओळखावे. घरकामगारांचा प्रश्न मुंबईत धर्मभगिनींनीही लावून धरला, ही पार्श्वभूमीही इथे उपयोगी पडते : बेल्जियन धर्मभगिनी जीन डेव्हॉस यांनी 1985 मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय घरकामगार चळवळ मुंबईतून चालली. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर देशात ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. तशा बंदीची मागणी करणाऱ्यांत ही चळवळ होती.

पर्यावरणाचे उपक्रम पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकानंतर वाढले. ओला-सुका कचरा, कागदाची बचत, गच्चीवरची बाग हे आता जवळपास सगळीकडे दिसते. यातही रोपे लावून थांबणारे पुष्कळ. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धुरामुळे परिसरातील पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. 1927 पासून शहर आपला कचरा जिथे नेऊन टाकते तिथे कोण राहते, हा प्रश्न डब्यांच्या हिरव्या-निळ्या रंगांपेक्षा अवघड. तो विचारणाऱ्या शाळा थोड्या आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांच्यासारख्या धर्मगुरूंनी पाणी आणि जमिनीच्या प्रश्नावर लोकांबरोबर रस्त्यावर उतरून दाखवले. मुंबईतील शाळा मात्र आंदोलनापासून चार हात दूर राहणेच पसंत करतात. अनुदान, मान्यता आणि पालक या तिन्ही गोष्टी सांभाळायच्या असतात.

शाळेचे दार

मुले उपक्रमांपेक्षा शाळेच्या वागण्यातून जास्त शिकतात. म्हणून प्रवेशाचा प्रश्न या नोंदीत टाळता येत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना देणे बंधनकारक केले. प्रमती शैक्षणिक न्यासाच्या खटल्यात 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्यातून वगळले. कलम 30 ने अल्पसंख्याकांना दिलेला आपल्या पसंतीच्या संस्था चालवण्याचा हक्क हा त्याचा आधार. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

शाळांची बाजू अशी की घटनेने दिलेला हक्क सोडला तर उद्या व्यवस्थापनच हातून जाईल. शिवाय चर्चला लागून असलेल्या अनुदानित शाळांत चाळीतली आणि झोपडपट्टीतली मुले आधीपासूनच शिकतात. हे दुसरे म्हणणे बरेचसे खरे आहे. अशा शाळेत रिक्षाचालकाची मुलगी आणि बँक अधिकाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसतात आणि सामाजिक भानासाठी बस करून कुठे जावे लागत नाही. प्रश्न उरतो तो भरमसाट फी घेणाऱ्या मोजक्या शाळांचा. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या 2007 च्या शिक्षणधोरणात गरीब आणि वंचितांना प्राधान्य देण्याची भाषा आहे. कायदा लागू नसताना ते धोरण स्वतःहून किती पाळायचे, हे ज्या त्या व्यवस्थापनावर सोडलेले आहे. शाळेतल्या शिपायाला आणि आयाबाईंना मुले कशी हाक मारतात, कंत्राटी सफाई कामगारांना जेवायला कुठे बसवले जाते, हेही मुले रोज पाहत असतात.

मोजमाप आणि भाषा

सामाजिक भानाला गुण द्यावेत का, यावर शिक्षकांत एकमत नाही. गुण दिले की मुले तास भरतात, वहीत हवे ते लिहितात. न दिले तर दहावीच्या वर्षी पालक मुलाला क्लासला पाठवतात आणि उपक्रम ओस पडतो. मधला मार्ग म्हणून काही शाळा वर्षभराची नोंदवही ठेवायला लावतात आणि तिच्यावर शेरा देतात, आकडा देत नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्या दिवसांत कुंभार, सुतार अशा कारागिरांकडे मुलांनी जाऊन काम पाहावे, अशी कल्पना. कॅथलिक शाळांच्या उपक्रमांना त्यामुळे सरकारी वेळापत्रकात आयती जागा मिळू शकते.

भाषेची अडचण मात्र अगदी जमिनीवरची आहे. इंग्रजी माध्यमातील मूल वस्तीत जाते, प्रश्न इंग्रजीत लिहून नेते आणि समोरच्या बाईंना मराठीत विचारायची वेळ आली की अडखळते. ‘तुमचा व्यवसाय काय आहे?’ असे पुस्तकी वाक्य निघते आणि बाई हसून शेजारणीकडे पाहतात. अशा वेळी मराठीच्या शिक्षिका एकदम महत्त्वाच्या होतात. एरवी त्यांचा तास अनेकांच्या लेखी पास होण्यापुरताच. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. काही शाळांत आता वस्तीतील मुलाखत हाच मराठीचा प्रकल्प म्हणून दिला जातो : मुलांनी भाजीवाल्या, कोळीण किंवा नाक्यावरच्या बिगारी कामगाराशी बोलायचे, ऐकलेले त्यांच्याच शब्दांत उतरवायचे आणि वर्गात वाचायचे. कोळणीच्या तोंडच्या माशांच्या नावांपुढे शिक्षिकाही पुष्कळदा निरुत्तर होतात, आणि मग त्या मुलांनाच म्हणतात, ‘पुन्हा जा, विचारून या.’